पावसाळ्यानंतरचं मत

सानपाडा, १४ जून २०२५

अंगठाबहाद्दर अस्मिताबाईंस,

परवा मी तुला व्हॉट्सॲपवर आप्पांच्या गुडघ्यापासून सोसायटीच्या बंद पडलेल्या लिफ्टपर्यंत सगळं सविस्तर लिहिलं. बोटं दुखली माझी. उत्तर काय आलं, तर पिवळा अंगठा. त्याआधी नव्या पडद्यांचे फोटो पाठवले, त्यालाही अंगठा. आप्पांना ताप आलाय असं कळवलं तेव्हासुद्धा तू आधी अंगठाच दाबलास आणि मग घाबरून फोन केलास. म्हणून आता ई-मेल लिहितेय. इथं तरी तुला चार अक्षरं खर्च करावी लागतील अशी आशा आहे.

तू मस्कतला गेलीस त्याला दीड वर्ष झालं. दर रविवारी फोन येतो. आप्पा स्पीकर लावून विचारतात, कसं चाललंय? तू म्हणतेस, मस्त. क्लब कसा आहे? मस्त. जेवणखाण? मस्त. मुली शिकायला येतात का? मुली मस्त आहेत. मग आप्पा फोन ठेवतात आणि खाली ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर जाऊन सांगतात की आमची धाकटी परदेशात स्नूकर शिकवते, एकदम मस्त चाललंय तिचं. ते तेवढ्यावर आठवडाभर जगतात. मला ते पुरत नाही.

आता स्पष्टच लिहिते. नोव्हेंबर संपायच्या आत तुला क्लबला सांगायचंय की आणखी दोन वर्षं राहणार की नाही. आप्पांना तू म्हणालीस, राहीन बहुतेक. मी वेगळं विचारलं तर अंगठा. तुझं खरंच मस्त चाललं असेल तर मी एक शब्द बोलणार नाही, शपथ. पण तुझ्या 'मस्त'मध्ये मला काही दिसत नाही, आणि तू इथं नसल्यामुळे तुझा चेहराही दिसत नाही. समोर असतीस तर नाकाच्या शेंड्यावरून ओळखलं असतं.

माझं म्हणशील तर शिवतेजनं नवं काम गळ्यात घातलंय. तोच आमचा मालक, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि दिवसभर 'टेन्शन नको घेऊ ताई' म्हणत मला टेन्शन देणारा. बिलियर्ड्स आणि स्नूकरचं सामान ऑनलाइन विकायचं आणि ते काय, कसं आहे हे लोकांना समजेल असं लिहायचं, हे काम मी करतेच. आता त्याला साईटवरचे तारे सुधारून हवेत. म्हणजे गिऱ्हाइकांची मतं अशी मागायची की पुढच्या गिऱ्हाइकाला त्यांचा उपयोग होईल. त्याचा खरा अर्थ एवढाच की त्याला सगळ्या वस्तूंवर साडेचारच्या वर तारे हवेत. बघू.

उत्तर लिही. अक्षरांत.

तुझी ताई


सानपाडा, ६ जुलै

अस्मे,

"वाचलं गं, मस्त लिहितेस." एवढंच? बरं. अंगठ्यापेक्षा चार शब्द जास्त आहेत, मी समाधान मानते.

आमच्या ताऱ्यांची गंमत ऐक. एका बाईंनी क्यूच्या टोकाला घासायच्या निळ्या चॉकला एक तारा दिलाय. का, तर मुलाच्या पाटीवर उमटत नाही. बॉल लावायच्या त्रिकोणाला एक तारा, कारण सोबत बॉल आले नाहीत. जाड टोकाच्या काठीनं पूल खेळणाऱ्या एकानं स्नूकरचा क्यू मागवला आणि टोक फार बारीक आहे म्हणून शिव्या घातल्या. उलट पाच तारे कशाकशाला आहेत बघ. कुरिअरवाला नम्र होता, पाच. खोका मजबूत, पाच. "अजून उघडलं नाही पण चांगलंच असणार", पाच. हा शेवटचा माणूस मला फार आवडला. असा जावई मिळायला हवा.

पण एक फोन हसण्यासारखा नव्हता. अलिबागचे एक गृहस्थ आहेत, घराच्या पडवीत त्यांनी टेबल घातलंय. गेल्या वर्षी मे महिन्यात क्यू घेतला आणि त्याच दिवशी लिहिलं, सरळ आणि देखणा, पाचपैकी पाच. परवा फोनवर म्हणाले की तो क्यू आता धनुष्य झालाय. पावसाळाभर भिंतीला टेकवून उभा ठेवला होता, दमट हवेनं लाकडानं बाक धरला. मी म्हटलं, मग तसं मत का नाही लिहिलंत? ते म्हणाले, तुम्ही विचारलंच नाहीत, तुमचा मेल आला तेव्हा तो सरळ होता.

बरोबर बोलले. आम्ही खोकं पोचल्या संध्याकाळी मत मागतो. तेव्हा सगळेच क्यू सरळ असतात. आणि ते पाच तारे अजून आमच्या साईटवर चमकताहेत.

मला तुझा विमानातून उतरल्या दिवशीचा फोन आठवला. खोली मस्त आहे, समुद्र दिसतो, टेबलं नवीकोरी आहेत. आप्पांनी तेव्हाच तुझं मत लिहून टाकलं, आणि त्यानंतर आम्ही दर रविवारी तेच पुन्हा वाचतोय असं मला वाटायला लागलंय. तुला तसं वाटतं का? हा प्रश्न आहे. याला अंगठा चालणार नाही.

इथं सगळं ठीक. तुझ्या कपाटातला खण मी घेतलेला नाही, आप्पा घेऊ देत नाहीत. मलाही घ्यावासा वाटत नाही. संध्याकाळी ऑफिसातून आले की अजून वाटतं, तू पलंगावर पालथी पडून मोबाइलवर मॅच बघत असशील आणि चहा कर म्हणून ओरडशील. चहा मी आता एकटीपुरता करते आणि तो दर वेळी जास्तच होतो.

ताई


सानपाडा, १७ ऑगस्ट

अस्मी,

तुझ्या वडिलांनी माझी नोकरी घालवायची तयारी केली होती. हसू नकोस, सविस्तर ऐक.

मी घरी बडबडले होते की शिवतेजला तारे कमी पडताहेत. आप्पांनी ते मनावर घेतलं. कट्ट्यावर जाऊन सगळ्या म्हाताऱ्यांचे मोबाइल गोळा केले आणि दोन दिवसांत आमच्या साईटवर पाच ताऱ्यांचा पाऊस पाडला. त्यातल्या कुणी आयुष्यात क्यू हातात धरलेला नाही. एकांनी लिहिलंय, वजनाला हलका, फिरायला जाताना उपयोगी. दुसरे म्हणतात, कंपनी विश्वासू, मालकांना उदंड आयुष्य. शिरवण्याच्या सदूकाकांनी तर टेबलाच्या कापडाला पाच दिले. मी खाली जाऊन विचारलं, काका, कापड बघितलंत तरी का? ते म्हणाले, "पोरीचा दुकान हाय ना, मंग पाचापेक्षा कमी कसा देऊ?"

शिवतेज तर खूश होता. म्हणाला, ताई, राहू दे, ऑरगॅनिक आहे, आपण कुणाला पैसे थोडेच दिलेत. मीही दोन दिवस हसत होते. मग चिपळूणहून एक पार्सल परत आलं.

एका शाळामास्तरांनी आपल्या मुलीसाठी क्यू मागवला होता. आमच्याकडे लहान मुलांसाठी आखूड क्यू वेगळे असतात, पण त्यांनी मोठ्यांचा घेतला. कारण त्याखाली लिहिलं होतं, "नातवंडांसाठी उत्तम, पाच तारे." ते आप्पांनी लिहिलं होतं. मुलीच्या हाताला तो आवरेना, मागचं टोक भिंतीला लागायचं. सोबत मास्तरांची चिठ्ठी होती की राग नाही, पण मुलीला वाटलं की हा खेळ आपल्याला जमणार नाही, आणि आता ती नको म्हणते.

मला तू दिसलीस, अस्मे. आप्पांच्या तुर्भ्याच्या कंपनीचा स्टाफ क्लब, रविवारची सकाळ, सोड्याच्या उलट्या क्रेटवर उभी राहिलेली तू, आणि तुझ्यासाठी आप्पांनी मागच्या टोकाला कापून आखूड करून घेतलेली काठी. तेव्हा आप्पांनी तुझ्या हाताला मोठी काठी दिली असती तर?

ती चिठ्ठी मी आप्पांना वाचून दाखवली. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. रागावले, रुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच विषय काढला.

"गीता, आपल्या माणसाला कमी द्यायला हात धजत नाही गं. पण उपयोग नाही त्याचा."

मग कट्ट्यावर जाऊन त्यांनी सगळ्यांकडून ती मतं पुसून घेतली. मास्तरांच्या मुलीला आम्ही आखूड क्यू पाठवला, आप्पांनी वेष्टनावर स्वतःच्या अक्षरात तिचं नाव लिहिलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळतेय. तूही आप्पांची मुलगी आहेस. आपल्या माणसांना कमी द्यायला तुझाही हात धजत नसेल. तू 'मस्त' म्हणतेस ते मस्कतला देतेस की आम्हाला?

गणपतीला नसशील, हे दुसरं वर्ष. आरतीत वरचा सूर लावायला कुणी नाही.

ताई


सानपाडा, ५ ऑक्टोबर

अस्मिता,

सात आठवड्यांत तुझ्याकडून दोन अंगठे आणि एक नाचणारी बाई आली. नाचणारी बाई कशाला होती तेही कळलं नाही. असो.

तारे मी बदलले. शिवतेजशी भांडून बदलले. तो म्हणत होता, ताई, खरं विचारलंस तर लोक खरं सांगतील, मग धंदा कसा होणार? मी त्याला गोडाऊनमध्ये नेलं आणि परत आलेल्या सामानाची भिंत दाखवली. चुकीच्या माणसाकडे गेलेला प्रत्येक क्यू तिथं उभा आहे. ती भिंत बघून तो म्हणाला, करून बघ.

आता कुरिअरचं मत वेगळं आणि मालाचं वेगळं. मालाचं मत खोकं उघडायच्या दिवशी विचारतच नाही. एक पावसाळा जाऊ द्यायचा आणि मग मेल पाठवायचा. 'कसं वाटलं' हा प्रश्न मी काढून टाकला, कारण त्याला सगळे जण मस्त म्हणतात. त्याऐवजी साधं विचारते. आठवड्यातून किती वेळा वापरता? कुठल्या टेबलावर, कुणाबरोबर? अजून सरळ आहे का? आणि शेवटचा प्रश्न माझा आवडता आहे, ही वस्तू कुणी घेऊ नये? शिवतेजला तो बघून घाम फुटला. पण मला वाटतं, घेणाऱ्याला खरा उपयोग त्याच उत्तराचा होणार. मतं सगळी दिसतील, पण घेणारा जसा असेल तसल्या माणसांची आधी. उंची, हात, खेळायची सवय बघून. सरासरी कुणाच्याच कामाची नसते.

हे प्रश्न लिहिताना सारखी तुझी ती मॅच आठवत होती. कंपन्यांची स्पर्धा, तू नववीत, समोर बँकेतले टाय लावलेले कुणी साहेब. मी नेहमीसारखी पॉइंट मांडायला. तू जिंकत होतीस. टेबलावर वाकलीस, शॉट मारलास, बॉल गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि तू सरळ उभी राहून म्हणालीस, "फाऊल. माझी वेणी गुलाबी बॉलला लागली." पंचांनी पाहिलं नव्हतं, त्या साहेबांनीही नाही. मी पाहिलं होतं आणि गप्प बसायचं ठरवलं होतं. तू हरलीस. आप्पा घरी येईपर्यंत भेटेल त्याला सांगत होते, आपली पोर हरली बरं का, आणि छाती ही एवढी फुगलेली.

स्नूकरमध्ये आपला फाऊल आपण सांगायचा असतो, हे मला तू शिकवलंस. म्हणून मला तुझं कोडं पडतं. वेणीचं लपवलं नाहीस, मग इतके दिवस काय लपवतेयस? की काहीच नाही, आणि मीच उगाच तुझी आठवण येते म्हणून तुझ्या सुखात खोट शोधतेय? तसंही असेल. तुझी आठवण फार येते, हे खरं आहे, आणि ते लिहायला मला लाज नाही.

आज सकाळी सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना मेल गेले. आमच्या कोकणातल्या मंडळींचं काय होतं बघू.

ताई


सानपाडा, २६ ऑक्टोबर

अस्मे, माझ्या राणी,

आज चेष्टा नाही.

तू जाताना मी तुला आमच्याकडचा क्यू दिला होता, स्टाफच्या सवलतीत, पण बिलावर तुझंच नाव टाकलं होतं. ते मी साफ विसरले होते. त्यामुळे पाच तारखेचा मेल तुलाही गेला. मी मुद्दाम पाठवला नाही, विश्वास ठेव. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात आलेली उत्तरं वाचत बसले होते. कुणी अंधेरीचा, कुणी सांगलीचा. आणि मग तू.

आठवड्यातून किती वेळा वापरता? तू लिहिलंयस, "एकदाही नाही."

कुठल्या टेबलावर, कुणाबरोबर? "लेडीज हॉल उद्घाटनानंतर उघडलाच नाही. मोठा हॉल पुरुषांचा, तिथं मला खेळू देत नाहीत. मी खाली बोलिंगच्या काउंटरवर बुकिंग घेते."

अजून सरळ आहे का? "पेटीतून काढला नाही. असेल."

ही वस्तू कुणी घेऊ नये? "ज्याच्यासमोर उभं राहायला कुणी नाही, त्यानं."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. गोडाऊनमधला आमचा किसन पार्सलवर टेप मारत होता, त्यानं चहा आणून ठेवला.

तू खोटं बोलत नव्हतीस गं. आम्ही प्रश्नच तसा विचारत होतो की ज्याला मस्तच म्हणावं लागेल. आप्पा स्पीकर लावून, खाली कट्टा वाट बघतोय, अशा वेळी कोण सांगेल की मी बोलिंगवाल्यांना शूजचे नंबर विचारत बसते? आणि सरळ विचारलं तेव्हा तू उभी राहून सांगितलंस, वेणी लागली म्हणून. माझी तीच तू आहेस.

तुझं मत मी साईटवर टाकलेलं नाही. शिवतेजनंही पाहिलेलं नाही. आप्पांना मात्र दाखवलं. तू रागावशील, रागाव. त्यांनी दोनदा वाचलं. मला भीती होती की त्यांना धक्का बसेल, कट्ट्यावर काय सांगायचं हे त्यांच्या मनात येईल. ते उठले, कपाटामागची ती तुझी जुनी, कापून आखूड केलेली काठी काढली आणि फडक्यानं पुसायला लागले. म्हणाले, "तिला सांग, हरून आली तरी मी सगळ्यांना सांगत फिरीन."

आता मला जे म्हणायचंय ते सरळ म्हणते. मला तू हवी आहेस. आणखी दोन वर्षांची सही करू नकोस. इथं तुला काय काम मिळेल ते मला माहीत नाही, मी खोटे पाच तारे देणार नाही. क्लब थोडे आहेत, पगार बरे नाहीत, लोक विचारतील का परत आलीस. विचारणाऱ्यांना विचारू दे. घरात एक खण रिकामा आहे आणि चहा रोज एक कप उरतो.

मोठ्या मनानं तुझ्या निर्णयाची वाट बघेन वगैरे मला जमत नाही. मी लहान मनानं वाट बघतेय.

गीता


सानपाडा, १६ नोव्हेंबर

अस्मी,

त्या रात्रीच्या फोनबद्दल मी इथं काही लिहीत नाही. इतकं रडून झाल्यावर तू जांभई दिलीस, तेव्हा मला फार बरं वाटलं. लहानपणीही तू तशीच झोपायचीस. विचार करते म्हणालीस, कर. अजून दिवस आहेत.

एक बातमी आहे. गोडाऊनमध्ये सामान पारखायला शिवतेजनं एक जुनं टेबल घेतलंय. शनिवारी काम संपलं की आप्पा आणि मी तिथं जातो. आप्पा काठी टेकवायचा रेस्ट हातात घेऊन उभे राहतात आणि मी खेळते. होय, मी. आयुष्यभर पॉइंट मांडले, क्यूंवर पानंच्या पानं लिहिली, पण बॉलला काठी लावली नव्हती. पहिल्या दिवशी पांढरा बॉल टेबलावरून उडून खोक्यांत गेला आणि किसननं तो बबल रॅपमधून शोधून काढला. खेळून झालं की कापड ब्रशनं एका दिशेनं झाडायचं, ते मात्र मला छान येतं. आप्पा म्हणतात, तेवढंच येतं.

त्याचा व्हिडिओ मी तुला पाठवला. अंगठा येईल असं धरून चालले होते. तू लिहिलंस, "ताई, तू नक्की किती वाईट खेळतेस?"

दोन वर्षांत तू मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न आहे. मी तो आप्पांना वाचून दाखवला, सदूकाकांनाही दाखवला. काका पाच म्हणाले, त्यांचं धरू नकोस.

त्याचं उत्तर इथून देता येणार नाही. तुझा क्यू पेटीतून काढ, सरळ आहे का बघ आणि घेऊन ये. वाईट का होईना, समोर उभी राहायला मी आहे. माझ्याशी खेळ, मला हरव, आणि मग किती तारे द्यायचे ते दे. वापरल्याशिवाय दिलेलं मत आमच्याकडे छापत नाहीत.

तुझी ताई